वाचनालयाची सूची स्वतःच्या फाइलीत उतरवून घ्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

छोट्या वाचनालयांनी आपल्या ग्रंथसूची संगणकावर आणाव्यात असे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगला होता. माहिती चढवावी कशी, कोणी, किती दिवसांत, हे सगळे त्यात होते. चढवलेली माहिती परत आपल्या हातात कशी घ्यायची, याबद्दल मात्र त्यात काही नव्हते. गेले दोन महिने मी नेमके तेच काम करते आहे, म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण शक्य असेल तर कापू नये ही विनंती, कारण यातल्या बारीकसारीक गोष्टींवरच सगळे अडते.

मी बँकेत एकतीस वर्षे हिशेबाच्या टेबलावर काढली आणि निवृत्तीनंतर वडोदऱ्यातल्या एका जुन्या मराठी वाचनालयात आठवड्यातले चार दिवस बसते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात दुसऱ्या एका पक्षाचाही संबंध येतो आणि मला भांडण छापून आणायचे नाही. आमची सूची सहा वर्षांपासून एका ऑनलाइन सेवेवर होती. वर्गणी दरवर्षी भरत होतो. यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस निरोप आला की छोट्या संस्थांसाठीची ही सेवा ३१ मार्चला बंद होत आहे, आपापली माहिती उतरवून घ्यावी. उतरवून घेण्याची सोय म्हणजे काय, तर एका वेळी पन्नास नोंदी, त्याही ‘जेसन’ नावाच्या स्वरूपात. कार्यकारिणीच्या बैठकीत हा शब्द कोणालाच माहीत नव्हता. एका सभासदांनी सुचवले की पडद्याचे फोटो काढून ठेवू. दुसरे म्हणाले, चौघे बसून हाताने उतरवू. आमच्या नोंदी ६,४१२.

हाताने का उतरवले नाही, असे कोणी विचारील. मूळ दाखल-वह्या होत्या की! होत्या. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा त्या वह्या करेलीबागेच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या जुन्या कार्यवाहांच्या घरी, तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. बांधणी सुटली, शाई पसरली. अकरा वह्यांपैकी चार वाचता येतात. म्हणजे बाकीच्या सात वह्यांतल्या पुस्तकांची देणगी कोणी दिली, कोणत्या साली आली, किंमत काय होती, हे सगळे आता फक्त त्या बंद होणाऱ्या सेवेवरच उरले होते.

त्याआधीचीही एक गोष्ट आहे. २००१ मध्ये आमच्या एका शिक्षक सभासदांनी अडीच हजार पुस्तकांची यादी संगणकावर टाइप केली होती. ती फाइल अजून आहे. उघडली की रोमन अक्षरांचा काला दिसतो. त्या काळचे मराठी फाँट युनिकोडवर, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीवर, नव्हते. इंग्रजी अक्षराच्या जागेवरच देवनागरीचे चित्र बसवलेले असायचे. फाँट गेला की चित्र गेले, अक्षर इंग्रजीच उरले. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण ती आपल्या घराघरांतल्या संगणकांवर सहज टाइप व्हायला पुढे बरीच वर्षे गेली, आणि त्या सरांची मेहनत नेमकी त्या मधल्या काळातली. सर आता नाहीत. त्यांची फाइल मी जपून ठेवली आहे. ती पाहूनच ठरवले होते की या वेळी जे ठेवायचे ते असे ठेवायचे की साध्या नोटपॅडमध्ये उघडले तरी मराठी माणसाला वाचता आले पाहिजे.

माझा भाचा पुण्यात असतो, संगणकाच्याच कामात. त्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, हे तू स्वतः करू शकशील. पायथनमध्ये वीस ओळींची स्क्रिप्ट लागेल. मी सांगतो, पण टाइप तू करायचं.” पायथन ही संगणकाला काम सांगण्याची एक भाषा, आणि स्क्रिप्ट म्हणजे तीत लिहिलेल्या सूचना. रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल. मला इंग्रजी वाचता येते, हिशेब येतो. एवढ्या भांडवलावर ते काम झाले, म्हणून इतरांनाही होईल अशी माझी खात्री आहे.

जेसन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण शब्दानेच माणसे बिचकतात. तो साधा मजकूर असतो. एका पुस्तकाची नोंद महिरपी कंसात. आत डावीकडे रकान्याचे नाव, मधे विसर्गासारखी दोन टिंबे, उजवीकडे माहिती. अशा नोंदी स्वल्पविरामाने जोडून चौकटी कंसात बसवल्या की झाली यादी. आमच्या दाखल-वहीच्या आडव्या ओळीचेच ते रूप आहे, फक्त रकान्याचे नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिलेले. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकी प्रोग्रॅमरनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते रूढ केले. २०१३ मध्ये त्याचे एकमा-४०४ हे मानक निघाले, आणि २०१७ च्या डिसेंबरातल्या आरएफसी ८२५९ या दस्तऐवजाने सांगितले की वेगवेगळ्या यंत्रणांमध्ये देवाणघेवाण करताना जेसनचा मजकूर यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे युनिकोडची अक्षरे फाइलीत साठवण्याच्या त्या नावाच्या पद्धतीतच, असावा. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे हे स्वरूप नाही. मला त्यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

सेवेकडून येतो तो मजकूर. स्क्रिप्ट तो उकलते, म्हणजे त्यातल्या नोंदी सुट्या करून संगणकाच्या स्मरणात मांडते. याला पार्स करणे म्हणतात. इथपर्यंतचे काम पहिल्याच दिवशी जमले. पडद्यावर पुस्तकांची नावे झरझर सरकत गेली. पन्नास-पन्नासाच्या १२९ फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये दोन सेकंद थांबायचे, म्हणजे पलीकडच्या यंत्रावर ताण येत नाही. पाच मिनिटांत शेवटचे पुस्तक आले. मी बाकीच्यांना फोन करून सांगितले की सूची उतरली. खिडकी बंद केली, संगणक बंद केला, घरी आले. दुसऱ्या दिवशी भाच्याने विचारले, “फाइल कुठे आहे?” फाइल नव्हतीच. स्क्रिप्टने नोंदी उकलल्या होत्या, दाखवल्या होत्या, पण कुठे लिहिल्या नव्हत्या. स्मरणातले सगळे खिडकीबरोबर गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर इथल्याच आणखी दोन संस्थांमध्ये चौकशी केली तेव्हा दोन्हीकडे ‘आमच्याकडे आहे’ याचा अर्थ ‘आम्हाला पडद्यावर दिसते’ एवढाच निघाला.

मग फाइलीत लिहायचे ठरले. फाइल लिहिण्यासाठी उघडणारी ओळ मी चुकून फेऱ्यांच्या आत घातली. लिहिण्यासाठी फाइल उघडली की आधीचा मजकूर पुसला जातो, हा नियमच आहे. प्रत्येक फेरीने मागच्या फेरीच्या पन्नास नोंदी पुसल्या आणि आपल्या लिहिल्या. स्क्रिप्ट संपली, एकही चूक दाखवली नाही, फाइल तयार. मोजल्या तर नोंदी बारा! १२८ फेऱ्यांचे ६,४०० झाले, शेवटच्या फेरीतली बारा पुस्तके उरली होती. बँकेत संध्याकाळी रोकड आणि वही यांचा मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जात नसे. ती सवय नसती तर ‘फाइल झाली’ म्हणून आम्ही ३१ मार्च शांतपणे जाऊ दिला असता.

पुसायचे नाही म्हणून पुढच्या वेळी फाइल ‘शेवटी जोडत जा’ अशी उघडली. या वेळी ६,४१२ नोंदी होत्या, पण फाइल परत वाचायला घेतली की पायथन म्हणे ‘जादा मजकूर आहे’. बरोबरच होते. पन्नासांची एक पूर्ण यादी, तिचा चौकटी कंस बंद, लगेच दुसऱ्या यादीचा कंस उघडलेला, अशा १२९ याद्या एकमेकींना चिकटलेल्या. जेसनच्या एका फाइलीत एकच पूर्ण वस्तू असायला हवी. उपाय सरळ आहे: रिकामी यादी आधी करायची, प्रत्येक फेरीतल्या नोंदी तिच्यात भरत जायच्या, आणि फेऱ्या संपल्यावर एकदाच फाइल उघडून सगळे लिहायचे.

तसे केले. फाइल झाली, परतही वाचता आली. मी ती नोटपॅडमध्ये उघडली आणि मला सरांची २००१ ची फाइल आठवली. मराठीचे एक अक्षर दिसत नव्हते. प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, इंग्रजी यू आणि चार आकडे. ‘क’ म्हणजे ०९१५, ‘ठ’ म्हणजे ०९२०, ‘र’ म्हणजे ०९३०. पायथन जेसन लिहिताना तसे न सांगितल्यास इंग्रजीच्या १२८ चिन्हांबाहेरचे काहीही असे आकड्यांत लिहितो. त्या सोयीचे नाव ‘एन्शुअर आस्की’, आणि ती आपोआप चालू असते.

भाचा म्हणाला, “मावशी, हे चुकीचं नाही गं. कुठलाही प्रोग्रॅम ते बरोबर वाचेल.” त्याचे म्हणणे खरे आहे. माहिती हरवलेली नसते. तरीही मी अडून बसले. पंचवीस वर्षांनी आमच्या कपाटात कोणाला तरी एक पेनड्राइव्ह सापडेल. त्या माणसाला पायथन येत असेलच असे नाही, मराठी मात्र येत असेल अशी आशा आहे. शिवाय जागेचा हिशेबही आपल्याच बाजूचा आहे. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे पंधरा. आकड्यांच्या रूपात प्रत्येकाला सहा, म्हणजे तीस. वाचता येत नाही आणि जागा दुप्पट.

ती सोय बंद केली, आणि सर्वांत मोठा धक्का तिथे बसला. वाचनालयाचा संगणक जुना, विंडोजचा. फाइल कोणत्या लिपी-संकेतात लिहायची हे मी सांगितले नव्हते, तेव्हा पायथनने त्या यंत्रावर ठरलेला संकेत धरला. तो पश्चिम युरोपातल्या भाषांचा, त्यात देवनागरीला जागाच नाही. स्क्रिप्ट थांबली: ‘चारमॅप’ला, म्हणजे त्या संकेताला, हे अक्षर लिहिता येत नाही. फाइल उघडून पाहिली. सुरुवातीचे कंस, दाखल क्रमांक ००००१, ‘शीर्षक’ या रकान्याचे इंग्रजी नाव, दोन टिंबे, आणि पुढे काही नाही. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या मराठी अक्षराशी लिहिणे थांबले होते. आदल्या रात्रीची ६,४१२ नोंदींची, न वाचता येणारी का होईना पण पूर्ण असलेली फाइल त्याच नावाची होती. ती पुसली गेली. त्या दिवशी २६ मार्च होता.

त्या रात्री जे ठरले ते तसेच सांगते. फाइल उघडतानाच यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहायचे. एन्शुअर आस्की बंद. दोन जागा सोडून ओळी पाडायच्या, म्हणजे प्रत्येक रकाना वेगळ्या ओळीवर येतो. आणि खऱ्या नावाच्या फाइलीला थेट हात लावायचा नाही. आधी शेजारी तात्पुरत्या नावाची फाइल लिहायची, ती बंद करायची, परत उघडून वाचायची, नोंदी मोजायच्या, आकडा ६,४१२ आला तरच तिला खरे नाव द्यायचे. मध्ये दिवे गेले, अक्षर अडले, जागा संपली, काहीही झाले तरी जुनी फाइल जागेवर राहते. बँकेत नवीन खातेवहीत शिल्लक ओढून, ती तपासून, सही होईपर्यंत जुनी वही कोणी बंद करत नसे. ही तीच रीत आहे.

एक गोष्ट भाच्याला सुचली नव्हती, ती माझ्या मेळाच्या सवयीने सापडली. शोधायला सोपे जावे म्हणून मी दाखल क्रमांकाची किल्ली करून, म्हणजे क्रमांक दिला की त्याची नोंद निघेल अशी, नोंदींची दुसरी फाइल केली. तीत ६,४०९ निघाल्या. तीन कुठे गेल्या? रात्री अकरापर्यंत बसले. तीन ठिकाणी दोन पुस्तकांना एकच क्रमांक दिलेला होता. वाचता येणाऱ्या वह्यांपैकी एकीत पाहिले तर तिथे मूळ क्रमांकापुढे ‘अ’ होता, ऑनलाइन चढवताना तो गळला. एकाच किल्लीवर दोन नोंदी आल्या की दुसरी पहिलीला गिळते, आणि पायथन त्याबद्दल काही बोलत नाही. तेव्हापासून माझा आग्रह आहे की मूळ प्रत ही सरळ यादीच असावी, आली तशी, आली त्या क्रमाने. दुरुस्त्या, किल्ल्या, वर्गवारी, सगळे वेगळ्या फाइलीत. मूळ फाइलीवर तर मी ‘केवळ वाचनासाठी’ अशी खूण केली आहे.

दाखल क्रमांकाचाच आणखी एक धडा. ००१४७ हा आमच्यासाठी आकडा नाही, ते पुस्तकाचे नाव आहे. कण्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो तसाच असतो. जेसनमध्ये संख्येच्या आधी शून्ये चालत नाहीत, म्हणून तो अवतरणचिन्हांतच ठेवावा लागतो. कोणी हौसेने त्याची संख्या केली की १४७ होतो आणि चिठ्ठीशी जुळत नाही. देवनागरी आकडेही जेसनमध्ये संख्या म्हणून चालत नाहीत, मजकूर म्हणूनच राहतात. पायथनला मात्र देवनागरी आकडे कळतात, तो ‘१८४७’ ची बिनतक्रार संख्या करून देतो. इथेच घोटाळा होता. आमच्या प्रकाशनवर्षाच्या रकान्यात काही पुस्तकांचे शके आहेत, काहींचे इसवी सन. शके १८४७ म्हणजे इसवी सन १९२५ च्या आसपास. संख्या करून क्रम लावला तर ते पुस्तक पाऊण शतक आधीचे होऊन बसते. म्हणून तो रकाना मी जसाच्या तसा ठेवला आणि इसवी सनाचा नवा रकाना दुसऱ्या फाइलीत काढते आहे. ते काम अर्धे झाले आहे.

आणि आपला ‘ऱ’. ‘ताऱ्यांची माहिती’ असे शोधले तर ग्रहताऱ्यांवरची निम्मी पुस्तके येतच नव्हती. कारण ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: कोणी ऱ ला हलंत जोडतो, कोणी साध्या र ला हलंत जोडून मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे. सहा वर्षांत नऊ-दहा जणांनी टाइपिंग केले, प्रत्येकाचा कळफलक वेगळा. सूची स्वतःच्या फाइलीत आली म्हणून हे दिसले तरी. त्या सेवेच्या शोधपट्टीत पुस्तक सापडले नाही की आम्ही वाचकाला ‘आपल्याकडे नाही’ असे सांगत होतो. किती जणांना परत पाठवले असेल याचे फार वाईट वाटते.

सभासदांची माहिती मात्र वेगळी ठेवा. सेवेकडून पुस्तकांबरोबर वाचकांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक, कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले, हेही आले. पुस्तकांची सूची मी कोणालाही आनंदाने देईन. दुसरी फाइल कार्यवाहांच्या कुलपात आहे आणि तिची प्रत कोणाच्या फोनवर नाही. सूचीच्या प्रती तीन: एक वाचनालयात, एक माझ्याकडे दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर, एक पुण्याला. पुराच्या वेळी वह्या सगळ्या एकाच कपाटात होत्या, हे आम्ही विसरलो नाही.

संपादक महोदय, हे सगळे मी आपल्याकडे का लिहिते आहे? वडोदरा हे सयाजीराव महाराजांचे गाव. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून राज्यभर ग्रंथालये उभी केली, फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या. १९१२ पासून इथून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे ग्रंथालयविषयक नियतकालिक निघत होते, आणि त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. म्हणजे सूची कशी करावी, पुस्तक कसे ठेवावे, याची चर्चा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इथे मराठीत होत होती. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असे चार वेळा साहित्य संमेलन इथे भरले. २०१८ च्या संमेलनाला मी स्वयंसेवक होते. पुस्तकांच्या गाळ्यांवरची गर्दी अजून डोळ्यांसमोर आहे. आणि आज त्याच गावात मला माझ्या वाचनालयाची सूची एका फाइलीत लिहायची होती, तर मराठीत विचारायला पुण्याचा भाचा सोडून कोणी नव्हते. ज्याला असा भाचा नाही त्याने काय करायचे? इथल्या वाचनालयांत काम करणारी बहुतेक माणसे साठीच्या पुढची आहेत. त्यांना इंग्रजीतली माहितीपत्रके देऊन उपयोग नाही. ‘फाइल उघडताना यूटीएफ-८ लिहा’ हे एक वाक्य त्यांना मराठीत वेळेवर मिळाले, तर त्यांचे एक वर्षाचे श्रम वाचतात.

म्हणून आपल्याकडे दोन मागण्या. आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धा स्तंभ या कामासाठी द्यावा: ग्रंथसूची, मंडळांच्या वार्षिक अहवालांच्या याद्या, नाट्यसंस्थांच्या प्रयोगांच्या नोंदी, भजनी मंडळांच्या वह्या, ज्यांच्याकडे अशी माहिती कोणत्या तरी ॲपवर पडून आहे, त्यांनी ती साध्या, उघड्या, वाचता येणाऱ्या फाइलीत कशी उतरवावी, हे मराठीत आणि एकेक पायरीने. माहिती मी लिहून देईन, भाचा तपासून देईल, मानधन नको. दुसरी मागणी संस्थांच्या चालकांसाठी आहे, आपण ती ठळक छापावी. सेवा बंद होण्याची नोटीस यायची वाट पाहू नका. आम्हाला महिनाभर मिळाला आणि त्यातले पहिले तीन आठवडे ‘जेसन म्हणजे काय’ यात गेले. या आठवड्यात सेवेच्या माणसाला एवढेच विचारा: आमची संपूर्ण माहिती आम्हाला कोणत्या स्वरूपात मिळेल, आणि ती तुमच्या मदतीशिवाय उघडेल का? उत्तर लेखी घ्या.

आमची फाइल २९ मार्चच्या रात्री पावणेअकराला पूर्ण झाली. ६,४१२ नोंदी, शेवटून मोजल्या, सुरुवातीपासून मोजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांना, वय अठ्ठ्याऐंशी, मी ती नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानावरची सतरा-अठरा नावे मोठ्याने वाचली. तीन पुस्तके त्यांच्या वडिलांनी दिलेली होती, आणि देणगीदाराच्या रकान्यात त्यांचे नाव होते.

स्क्रिप्ट माझ्याकडे आहे, तीत प्रत्येक ओळीपुढे मराठीत खुलासा लिहिला आहे. वडोदऱ्यातल्या किंवा आसपासच्या कोणत्याही मराठी संस्थेला हवी असेल तर आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. संगणक घेऊन यावे, नसला तर नुसता पेनड्राइव्ह चालेल. रविवारी दुपारी चार ते सहा मी वाचनालयात असते.

आपली नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा